मासळीच्या कातडीपासून कोलॅजन: अनुदानासाठी अर्ज कसा करायचा

सुरमई किंवा घोळ सोलून झाली की कातडी बाजूच्या क्रेटमध्ये पडते आणि संध्याकाळी फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीचे पशुखाद्य करणाऱ्यांच्या, गाडीत जाते. याच कातडीतून खाण्यायोग्य कोलॅजनची (कातडीतल्या प्रथिनाची) पावडर करायची असेल, तर पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचा विचार करा. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. किमान १० टक्के रक्कम स्वतःची लागते, बाकीचे बँकेचे कर्ज. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेची मुदत नंतर २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, त्यामुळे सध्या अर्ज घेतात का ते आधी विचारा.

मासळीचा विषय म्हणून आपली माणसं थेट मत्स्य खात्यात जातात. पण राज्यात ही योजना कृषी विभाग राबवतो. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीचे नाव मिळेल. प्रकल्प अहवाल आणि ऑनलाइन अर्जाला ती मदत करते, त्याचे पैसे अर्जदाराने द्यायचे नसतात.

वय १८ पूर्ण हवे. नवरा, बायको आणि मुले मिळून एका कुटुंबातून एकच अर्ज चालतो. बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची वेगळी सोय आहे. आधार, पॅन, पासबुक, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, वीजबिल, सातबारा किंवा भाडेकरार आणि यंत्रांची कोटेशन तयार ठेवा. जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत.

आमच्या गटाची पहिली फाइल बँकेतून परत आली. कोटेशन चोख होती, पण रोज कातडी कोण देणार याचा एकही कागद नव्हता. म्हणून फिलेट (मासळीचे बिनकाट्याचे तुकडे) काढणाऱ्या युनिटचे संमतीपत्र फाइलला लावाच, आणि कातडी बर्फातच मिळेल हे त्यात लिहून घ्या. मे महिन्यात दुपारपर्यंत उघडी राहिलेली कातडी बोटांना चिकटते, वास धरते. ती फेकावीच लागते.

प्रकल्प अहवालात माल थंड ठेवण्याचा खर्च कमी दाखवू नका. कातडी सौम्य कॉस्टिक सोड्याने साफ करून ॲसिटिक आम्लात ४ अंशांच्या आसपास ठेवतात, विरघळलेले कोलॅजन मिठाने खाली बसवतात, मग सुकवतात. माशाचे कोलॅजन उष्णता फार सोसत नाही, तापले की त्याचे जिलेटिन होते. वीज जाणाऱ्या गावात जनरेटर धरायलाच हवा. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र वाशीला आहे आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय. यंत्रे ठरवण्याआधी तिथे जाऊन या.

आम्लाच्या सांडपाण्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागेल. जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी भागातल्या बांधकाम-उद्योगांवरचे, नियम भाडेकरार करण्याआधीच तपासा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते. अन्न परवाना घ्यावाच लागतो, आणि पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण व मासळीच्या ॲलर्जीची सूचना हवी.

अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवतात. कर्जाची शेवटची रक्कम उचलल्यापासून ३ वर्षांनी खाते नियमित आणि युनिट चालू असेल, तरच ते कर्जात वळते होते. तोवर हप्ता पूर्ण कर्जावर धरूनच हिशेब मांडा.