पुड्यातलं खाणं आणि भाकरीचं जेवण (मराठवाडा)

पुड्यातलं खाणं म्हणजे कारखान्यात तयार होणारं, महिनोन्महिने टिकणारं आणि घरच्या सामानातून सहसा न जमणारं खाणं. बिस्किटं, चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक, क्रीमचे केक, सगळं त्यातच. शास्त्रात याला अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणतात. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांच्या टीमने २००९-१० च्या सुमारास अन्नाचे गट पाडणारी पद्धत मांडली, पुढे तिला 'नोव्हा' नाव पडलं आणि चार गट झाले, त्यातला हा चौथा गट. पहिल्यात ज्वारी, तूर, दूध, भाज्या, दुसऱ्यात तेल-मीठ-साखर, तिसऱ्यात खारवलेलं, मुरवलेलं असं साधंसुधं. म्हणजे प्रोसेसिंग म्हटलं की वाईट असं अजिबात नाही, दळण हीपण प्रोसेसिंगच, ताक घुसळणं पण आणि हुरडा भाजणं पण. नोव्हावर टीकाही होते की चौथ्या गटात फार वेगवेगळ्या वस्तू कोंबल्यात, आणि ती टीका थोडी खरीये.

मराठवाड्यात हा फरक कळायला ज्वारीचं पीठ बघायचं. गिरणीतून आणलेलं ताजं पीठ असेल तर उन पाण्यात मळलं की छान चिकटतं, भाकरी परातीत हातभर थापली तरी कड चिरत नाही, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला आणि उलटून आरावर धरली की टम्म फुगते. तेच पीठ डब्यात पडून राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग भाकरी उचलताना तुटते, चवीलाही जरा कडसर लागते, कारण दाण्याच्या अंकुरात तेल असतं आणि दळल्यावर ते खवट व्हायला लागतं. बाजरीचं तर याहून लवकर. म्हणून घरोघरी दळण थोडंथोडंच असायचं. आता मैदा बघा, महिने राहतो, कारण कोंडा आणि अंकुर दोन्ही आधीच काढून टाकलेले असतात. टिकाऊपणा मिळतो तो असा, आणि फायबर, लोह, बी गटातली जीवनसत्त्वं बहुतेक त्या काढलेल्या भागातच होती. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, मैद्यात ३ च्याही खाली.

शरीरावर काय होतं याचा सगळ्यात नेटका प्रयोग २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केला. २० माणसं तिथेच ठेवली, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण आणि दोन आठवडे साधं, दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, मीठ, फायबर जवळपास सारखं ठेवलं आणि सांगितलं की वाढलेल्यातलं हवं तेवढं खा. पुड्यातल्या जेवणावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलो वाढलं, साध्यावर तेवढंच उतरलं. याचं एक कारण असं मानतात की मऊ खाणं भराभर गिळलं जातं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत पुडा संपलेला असतो. भाकरी चावावी लागते, एवढा साधा मुद्दा आहे हा. शिवाय फायबरवर आतड्यातले चांगले जंतू जगतात. मीठ वेगळंच, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते आणि चटपटीत पुड्यांनी ते नकळत भरत जातं. ट्रान्स फॅटवर, म्हणजे डालडासारख्या गोठवलेल्या तेलातल्या घातक चरबीवर, भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, ते एक बरं झालं. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मधल्या अभ्यासात आलं. ते सगळं पुड्यांवर ढकलता येणार नाही, पॉलिशचा भात, साखरेचा चहा आणि दिवसभर बसणं हे पण त्यात आहेच.

इकडची भाकरी ताटातून गेली ती आधी शेतातून गेली म्हणून. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि मदतीत वाटलेली सुकडी खाल्लेली पिढी अजून त्याबद्दल सांगते. खरिपात हायब्रीड ज्वारी पसरली, ती काढणीच्या पावसात काळी पडायची, मग लातूर, नांदेड, हिंगोलीकडे सोयाबीन पसरलं, ट्रॅक्टरमुळे बैलं कमी झाली तसा कडब्याचाही आधार गेला, आणि रब्बी ज्वारी काढायला मजूर मिळेना. रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू नाहीतर तांदूळ. त्यामुळे झालं काय की गरिबाची ज्वारी आज बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग असते आणि ढाब्यावर भाकरी चपातीहून जास्त भावाने मिळते. दुसरीकडे गावातल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. पहाटे पाचला कामावर निघणाऱ्या बाईने लेकराच्या हातात पाचची नोट दिली तर तिला अडाणी म्हणणारे शहरातले डाएटवाले मला तरी पटत नाहीत, भाकरी थापायला वेळ लागतो आणि तो तिच्याकडे नसतो.

पण जुनं ते सगळं सोनं असंही नव्हतं. दख्खनच्या पठारावर, जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा, उन्हाच्या जागी कातडी काळवंडून सोलायची, जुलाब, भ्रम. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनशी, म्हणजे प्रथिनातल्या एका घटकाशी, जोडला. म्हणजे नुसती भाकरी पुरत नाही, ताकद तिच्या सोबतीला होती: तुरीचं वरण, पिठलं, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, करडईचं तेल, ताक, आणि खुरपताना पदरात गोळा होणाऱ्या रानभाज्या, तांदुळजा, पाथरी, घोळ. तणनाशक आल्यावर ह्या भाज्यांचं काय झालं ते कुणी मोजत नाही, जणू ते जेवण नव्हतंच, तण होतं. आणखी एक, ज्वारीत लोह असलं तरी फायटेट नावाच्या, लोह धरून ठेवणाऱ्या घटकामुळे ते नीट अंगी लागत नाही, आंबवलं किंवा मोड आणले की फायटेट कमी होतं, लिंबू पिळलं तर शोषण सुधारतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की बिघडतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, त्यामुळे हे बारीकसारीक महत्त्वाचंच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत जास्त लोह-जस्ताची 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ मध्ये आणली.

२०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे नूडल्स असलं बरंच निघालंय. पुडा उलटा करून वाचायचा, घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमाने छापलेले असतात, पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढच्या बाजूला कणीस कितीही मोठं काढलेलं असो, ते मैद्याचंच खाणं. आणि नाचणीचं कौतुक इकडे करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते कोकण-घाटाचं धान्य, इथलं नाही.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा सण, करतात, त्या दिवशी सगळं गाव शेतात. शेतातल्या कोपीसमोर, म्हणजे खोपीसमोर, पंगत बसते, हरभरा, तूर, वाल, मटार, गाजर, पालेभाज्या एकत्र शिजवलेली बेसनाची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात आदल्या दिवशी लावलेलं, ताक अन् ज्वारीच्या पिठाचं आंबट आंबील, लसूण-जिरं घातलेलं. वर सांगितलेलं डाळी, आंबवणं, हिरवा पाला सगळं त्या एका पानात येतं, आणि पोरं दुसऱ्यांदा आंबील मागतात, तांब्यानेच.