मूळ अवयव पाच, विभाजक चोवीस

नागपुरातल्या धरमपेठेचा पिनकोड ४४००१०. याचे अवयव किती? कोणी पाच म्हणतं, कोणी चार, कोणी चोवीस, आणि तिघांचंही गणित बरोबर असतं. घोळ ‘अवयव’ या मोघम शब्दाचा आहे. ‘एकूण अवयव काढा’ असं छापणाऱ्या गाइडांनी तो आणखी वाढवलाय. एकतर ‘मूळ अवयव’ म्हणा, नाहीतर ‘विभाजक’.

मूळ अवयव पाडणं शाळेतलंच:

४४००१० = २ × ३ × ३ × ५ × ४८८९

मोजले तर पाच, वेगवेगळे चार. १ हा विभाजक असतो, मूळ अवयव नसतो. एवढं लक्षात असू द्या.

खरी गोची विभाजक मोजताना होते. विभाजक बनवायचा म्हणजे प्रत्येक मूळ अवयव किती वेळा घ्यायचा ते ठरवायचं. २ घ्या किंवा वगळा, म्हणजे दोन पर्याय. ५ चे दोन, ४८८९ चेही दोन. ३ मात्र दोनदा आलाय: वगळा, एकदा घ्या, दोनदा घ्या. म्हणून २ × ३ × २ × २ = २४. सूत्रात प्रत्येक घातांकात, म्हणजे मूळ अवयव जितक्या वेळा आलाय त्या आकड्यात, १ मिळवून गुणाकार करतात; तो १ या ‘वगळा’साठी. तो का मिळवायचा हे न कळता सूत्र घोकलं की ऐन परीक्षेत नेमका तोच विसरतो.

दुसरी चूक जास्त फसवी. पाच मूळ अवयव, प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणून ३२! पण दोन ३ पैकी पहिला घेतला काय नि दुसरा घेतला काय, गुणाकार तोच येतो. म्हणजे आठ विभाजक दोनदा मोजले गेले. पडताळा हवा तर ९० चे विभाजक लिहा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. हे बारा, आणि यांनाच ४८८९ ने गुणून आणखी बारा.

आता प्रतापनगरचा ४४००२२ घ्या: २ × ३ × ११ × ५९ × ११३. मूळ अवयव इथेही पाचच, पण एकही परत आलेला नाही. म्हणून इथे विभाजक खरोखरच ३२.

शेवटी उरलेली संख्या मूळ आहे का, हे तपासायचा मात्र कंटाळा नको. ४८८९ चं वर्गमूळ ७० च्या आतलं, म्हणजे ७ ते ६७ या सोळा मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. ४४००१० च्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६६३ पर्यंत, जाणं ही फुकटची हमाली. उलट ४४००२२ मध्ये ११ पर्यंत भागल्यावर ६६६७ उरतात, आणि ते दिसतात अगदी मूळ संख्येसारखे. ८१ पर्यंत जायला हवं. ५३ वर कंटाळून थांबलात तर ५९ निसटतो आणि विभाजक ३२ ऐवजी १६ येतात.