आंबाडुंगरचा जांभळा खडा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, देवघराशेजारच्या फडताळात एक जांभळा खडा आहे. काका एम. एस. युनिव्हर्सिटीत जिऑलॉजीला होते तेव्हा सहलीहून आणलेला. त्याच्या कडेचे चौकोनी दाणे इतके नेटके की लहानपणी मला तो कोणीतरी घडवलाय असंच वाटायचं. चाकूच्या टोकाने ओढलं तर चरा उठतो, काचेवर मात्र त्याचा ओरखडा उमटत नाही. हा फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. त्याच्या शेजारी एक मळकट करडा दगड. तो थोडा खरवडून वर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो, अगदी चुनखडीवर येतो तसा. गंमत अशी की चुनखडी बहुतेक समुद्राच्या तळाशी साचते, आणि हा दगड ज्वालामुखीच्या पोटातून आलेला.

दोन्ही आंबाडुंगरचे. छोटा उदेपूरच्या कवांट तालुक्यातला हा डोंगर. २०१३ पर्यंत हा मुलूख वडोदरा जिल्ह्यातच होता. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा उसळत होता त्याच सुमारास, इथे एक वेगळाच शिलारस वर आला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सिलिका भरपूर असते. यात बहुतांश कार्बोनेट, म्हणजे चुनखडीत असतं तेच द्रव्य. म्हणून याचं नाव कार्बोनाटाइट. असा रस थिजत जातो तेव्हा काही मूलद्रव्यांना नेहमीच्या खनिजांत जागाच मिळत नाही. पंगतीत पाट न मिळालेली मंडळी शेवटी स्वयंपाकघरात एकत्र जेवायला बसतात, तसं यांचं होतं. फ्लोरिन, थोरियम, नायोबियम आणि दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) धातू असे सगळे उरल्यासुरल्या रसात गोळा होतात.

इथला फ्लोराइट १९६० च्या दशकापासून माहीत आहे आणि तो खणून काढलाही गेलाय. आता नजर दुर्मिळ मृदांवर आहे. गुजरात आणि राजस्थानातल्या कठीण खडकांत मिळून त्यांच्या ऑक्साइडचे १२.९ लाख टन साठे असल्याचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. विजेच्या गाडीच्या मोटरमधलं, पवनचक्कीतलं ताकदवान चुंबक बहुतेकदा त्यांच्यातल्याच निओडिमियमचं असतं. माझ्या फोनच्या स्पीकरमध्येही ते आहे, त्यामुळे मी उगाच साळसूदपणा करणार नाही.

पण आदिवासी गावं अशा खाणीला नाही म्हणतात तेव्हा आमच्याकडे चहाच्या वेळी हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘त्यांना कळत नाही हो.’ त्यांना नेमकं काय कळतं, ते रसायनशास्त्राच्या वहीत मांडून बघू.

दुर्मिळ मृदा तशा दुर्मिळ नाहीत. त्यांच्यातलं सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकंच सापडतं. अडचण एवढीच की ते सगळे विखुरलेले असतात. शंभर टन दगडात हवा तो माल दोन टन निघेल असं धरा. मग अठ्ठ्याण्णव टन तिथेच राहणार, आणि तेही दगड म्हणून नव्हे, पीठ होऊन. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा असेल तर त्याचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. त्याचे दशांश मिलिमीटरचे कण करा, की तोच पृष्ठभाग ६०,००० चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ पंधरा एकर, एका ठोकळ्यातून! कोट्यवधी वर्षं डोंगराने पोटात धरून ठेवलेलं जे काही आहे, त्याच्याशी पावसाची गाठ आता या पंधरा एकरांवर पडते.

फडताळातला खडा पाण्यात जवळपास विरघळत नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात जेमतेम १६ मिलिग्रॅम. नगण्य वाटतं ना? पण त्यातूनही जवळजवळ ८ मिलिग्रॅम फ्लोराइड सुटतं, आणि पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पाण्यात आधीच कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइट कमी विरघळतो. सोडियम-बायकार्बोनेटचं मऊ पाणी असेल तर जास्त. म्हणून एकाच गावातल्या दोन विहिरींचं पाणी सारखं निघेलच असं नाही. जास्तीचं फ्लोराइड दातांच्या एनॅमलमध्ये घुसतं, तेही दात हिरडीत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत. मग दातांवर पांढरे डाग, तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर सांधे आणि कणा आखडतो. तो पुन्हा सुटत नाही.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. असा खडक जमिनीखाली असेल तर खाण नसतानाही फ्लोराइड पाण्यात उतरतं. उद्या पाणी बिघडलं तर कंपनी म्हणू शकते, हे तर आधीपासूनच होतं. आणि आधीची मोजणी कोणाकडेच नसेल, तर ते खोटं ठरवायचं कसं?

ग्रीनलंडमध्ये नारसाक नावाचं छोटं गाव आहे, मासेमारी आणि मेंढपाळीवर जगणारं. त्याच्या डोक्यावर क्वानेफेल्ड हा डोंगर. दुर्मिळ मृदा तिथेही आहेत, सोबतीला युरेनियम, शिवाय विल्योमाइट, म्हणजे सोडियम फ्लोराइड. ते आमच्या खड्यासारखं हट्टी नाही. पाण्यात मिठासारखं विरघळतं. गाळ आणि किरणोत्सर्गी धूळ कुठे जाणार, हा तिथल्या इनुइट लोकांचा प्रश्न एप्रिल २०२१ च्या निवडणुकीचा मुख्य मुद्दा झाला. खाणीला विरोध करणारा पक्ष सर्वात मोठा ठरला आणि त्याच वर्षी युरेनियमयुक्त खडकाच्या खाणींवर कायद्याने बंधन आलं. आपल्याकडे ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरचे डोंगरिया कोंध आदिवासी बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या दगडाच्या) खाणीला विरोध करताना म्हणत होते की वरचा बॉक्साइटचा थर पाणी धरतो, झरे त्याच्यावर चालतात. बॉक्साइट सच्छिद्र असतो, तेव्हा हे म्हणणं भूविज्ञानाला धरूनच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ‘नाही’ म्हणाल्या.

आता मात्र प्रश्न विचारायची जागाच आक्रसली आहे. अणुखनिजं आणि महत्त्वाची म्हणून ठरवलेली खनिजं यांच्या खाणींना सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने जनसुनावणीतून सूट दिली. दुर्मिळ मृदा त्यातच मोडतात. जनसुनावणी हा बऱ्याचदा उरकण्याचा कार्यक्रम असतो, हे खरं. तरी ‘तुमचा गाळ माझ्या ओढ्यापासून किती हातांवर?’ एवढं विचारायला तिथे माइक तरी मिळायचा, आणि उत्तर नोंदवलं जायचं.

फ्लोराइड ओळखायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. झिर्कोनियम आणि अलिझरिनचं गुलाबी द्रावण पाण्यात घातलं की फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतं आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. तो रंग पट्टीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. शाळेतली आठवीची मुलंही हे करू शकतात. फक्त एकदा करून भागत नाही. पावसाने विहीर भरली की आकडा बहुधा उतरतो, मे महिन्यात पाणी तळाला गेलं की चढतो, म्हणून दोन्ही वेळा मोजायचं. प्रत्येक विहिरीचं, प्रत्येक हातपंपाचं पाणी तपासून शेजारी तारीख लिहायची आणि वही ग्रामसभेच्या कपाटात ठेवायची. पहिलं ड्रिलिंग मशीन डोंगरावर चढायच्या आधीचे निदान दोन उन्हाळे त्या वहीत असायला हवेत.