म्युझीक काँक्रेत आणि साउंडस्केप: फरक नेमका कुठे?

लोकलचा खडखडाट, कुकरची शिट्टी, दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज रेकॉर्ड करून लॅपटॉपवर त्यातून संगीत रचणारी मंडळी आता बरीच भेटतात. या सगळ्याला सरसकट ‘साउंडस्केप’ म्हटलं जातं, आणि ते मला खटकतं. या एका नावाखाली म्युझीक काँक्रेत आणि साउंडस्केप अशा दोन परंपरा कोंबल्या जातात. आपण त्यातल्या कुठल्या वाटेवर आहोत हे ठाऊक नसेल, तर एडिटिंगला बसल्यावर काय कापायचं नि काय ठेवायचं हेच ठरत नाही. त्यात दोन्हींच्या प्रवर्तकांची आडनावंही जवळपास सारखी: काँक्रेतवाले फ्रान्सचे पिएर शेफेर आणि साउंडस्केपवाले कॅनडाचे मरी शेफर.

पिएर शेफेर फ्रेंच रेडिओत इंजिनिअर होते. १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात त्यांनी रेल्वे इंजिनांचे आवाज टिपले आणि त्यातून रचलेली एत्यूद (अभ्यासरचना) त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला रेडिओवर वाजली. हे काम टेपवर नव्हे, तबकड्यांवर झालं. तबकडीची खाच एका फेऱ्यातच बंद केली की सुई पुढे सरकत नाही, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे एक तुकडा जेमतेम पाऊण सेकंदाचा. सुरुवातीला गाडी ऐकू येते. मग हळूहळू गाडी विरते आणि लय नि पोत उरतो. म्युझीक काँक्रेतचा गाभा हाच: आवाज कशाचा आहे ते बाजूला ठेवा, तो कसा आहे ते ऐका.

शेफेरनी घंटेवर केलेला प्रयोग आजही घरी करून पाहण्यासारखा आहे. स्टीलच्या वाटीवर चमचा मारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ऑडिओ-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा. वेव्हफॉर्मच्या (आवाजाच्या आलेखाच्या) सुरुवातीला आघाताचा उंच सुळका दिसेल, तेवढा कापून टाका. कापलेल्या जागी ‘टक्’ होऊ नये म्हणून अगदी छोटा फेड-इन द्या. आता नुसता घुमारा उरतो आणि वाटी ओळखणं अवघड होतं. लांबून कुणी फुंकवाद्य वाजवतंय असंही वाटू शकतं. वस्तू ओळखताना कान त्या पहिल्या क्षणावर किती विसंबून असतो, हे एवढ्याशा कापाकापीत कळतं.

साउंडस्केपची वाट याच्या उलट दिशेने जाते: आवाज कुठल्या जागेचा आहे, हेच इथे महत्त्वाचं. मरी शेफर आणि व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातले त्यांचे सहकारी शहरांच्या बदलत्या आवाजांची नोंद ठेवत होते. गोंगाट वाढतोय आणि त्याखाली जागांची ओळख बुजतेय ही त्यांची काळजी होती. त्याच गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प यांची ‘किट्स बीच साउंडवॉक’ ही १९८९ची रचना मला फार आवडते. किनाऱ्यावरच्या बार्नकल्सची (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांची) बारीक टिकटिक आणि मागे शहराची घरघर. वेस्टरकाम्प स्वतः बोलत बोलत फिल्टर लावून ती घरघर काढून टाकतात आणि आपण काय करतोय ते श्रोत्याला सांगतात. म्हणजे छेडछाड इथेही आहे, पण कुठे उभं राहून ऐकतोय ते सुटत नाही. त्यांनी १९९७ साली दिल्लीतल्या आवाजांवर रचना केली. तिच्यातल्या फेरीवाल्यांच्या हाका नुसते स्वर म्हणून ऐकल्या, तर अर्धी रचना हातातून निसटते.

तेव्हा ‘प्रक्रिया केली की काँक्रेत, जसंच्या तसं ठेवलं की साउंडस्केप’ हा प्रचलित निकष टिकत नाही. ल्युक फेरारी हे शेफेरच्याच गोटातले. त्यांनी क्रोएशियाच्या किनारपट्टीवरच्या एका गावात पहाटे खिडकीत माइक ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि त्यातून सुमारे २० मिनिटांची ‘प्रेस्क रियाँ’ घडवली. ऐकताना सलग पहाट वाटते, प्रत्यक्षात ती जोडकामातून तयार झाली आहे. शेफेरच्या गोटातल्या संगीतकारांना ती रुचली नाही, यात नवल नाही: तिथे गाव आणि माणसं शेवटपर्यंत ओळखू येतात.

हा फरक रेकॉर्डिंगच्या वेळीच कामाला येतो. आवाजाचा स्रोत पुसायचा असेल तर माइक वस्तूच्या अगदी जवळ न्या, खोलीचा घुमारा टाळा, एकच आघात वेगवेगळ्या जोराने घ्या. जागा ऐकवायची असेल तर स्टीरिओत घ्या, लांबलचक चालू ठेवा आणि ठिकाण, वेळ, हवामान लिहून ठेवा. काय करायचं ते ठरलं नसेल तर दोन्ही घ्या. नंतर लूप करून गाडी विसरायला लावता येते. पण एखाद्या वाड्याच्या दाराची कडी अगदी जवळून रेकॉर्ड केली असेल, तर तिच्या आवाजाभोवती तो वाडा नंतर उभा करता येत नाही.