परवान्यानं टिकवलेली स्कूटर

चाळीस-पन्नास वर्षांची चेतक, प्रिया किंवा सुपर आजही चालती ठेवता येते. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, केबली, ऑइल सील हा सगळा माल जुन्या सुट्या भागांच्या दुकानात फारशी शोधाशोध न करता मिळतो. त्याच काळातल्या एखाद्या परदेशी मोटरसायकलच्या मालकाला हे सुख नसतं. याचं श्रेय स्कूटरच्या गुणांना थोडं आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या परवाना पद्धतीला बरंच जास्त जातं. त्या पद्धतीनं गिऱ्हाइकाला रडवलं, पण संग्राहकाचं भलं केलं.

मूळ इटलीत आहे. विमानं बनवणाऱ्या पिआजिओ कंपनीनं पोंतेदेराच्या कारखान्यातून १९४६ मध्ये वेस्पा बाजारात आणली. आराखडा कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याचा. पत्र्याचं शरीर हीच चेसिस (गाडीचा सांगाडा), चेनला फाटा देऊन इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलेलं, आणि पुढचं चाक एका बाजूनं धरलेलं, त्यामुळे पंक्चर झालं की चाक मोटारीसारखं नट काढून बदलायचं. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंतीची लँब्रेटा आली. इनोचेंतीचा धंदा पोलादी पाइपांचा, म्हणून तिचा सांगाडा पाइपचा आणि वर पत्र्याचे पॅनल. हा फरक आजही रंगकामाच्या बिलात दिसतो. लँब्रेटाचा पॅनल सडला तर दुसरा बसवता येतो. वेस्पाच्या जातीत पाय ठेवायचा फ्लोअर सडला म्हणजे चेसिसच कमकुवत झाली.

दोन्ही घराणी भारतात आली ती मुंबईच्या वाटेनं. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४९ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिनं आधी लँब्रेटाची जुळणी केली आणि पुढे परवाना घेऊन लँब्रेटाचं एलआय १५० हे मॉडेल बनवलं. बजाज समूहाची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ ची. ती आयात केलेल्या दुचाकी-तीनचाकी विकत असे. १९५९ मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला, पिआजिओशी तांत्रिक करार झाला आणि वेस्पा १५० देशात बनू लागली. पुढे पुण्याजवळचं आकुर्डी हे तिचं घर झालं. हा करार १९७१ मध्ये संपला. नाव गेलं, साचे आणि कसब राहिलं. १९७२ मध्ये राणाप्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. तिचा आराखडा वेस्पा स्प्रिंटवरून घेतलेला, चाकं दहा इंची. आठ इंची चाकांची सुपर जुन्या वेस्पा १५० च्या वळणाची. १९७५ मध्ये बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि साताऱ्यात प्रिया बनू लागली. इकडे इनोचेंतीनं लँब्रेटा बंद केली आणि तिची यंत्रसामग्री लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियानं विकत घेतली. विजय सुपर ही त्याच यंत्रांवरची.

वर्षाला किती स्कूटरी बनवायच्या हे परवान्यात लिहिलेलं असे आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. वाटपावरही सरकारी नियंत्रण होतं. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, काही काळ तर ही रांग दहा वर्षांपर्यंत गेली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला आधी गाडी मिळे, त्यामुळे परदेशातला मामा किंवा मेहुणा फार उपयोगाचा माणूस होता. हातात आलेली नवी स्कूटर दुसऱ्याच दिवशी ‘ऑन’ (मूळ किमतीवर जादा रक्कम) घेऊन विकली जाई. अशा बाजारात कंपनीला आराखडा बदलण्याची गरज काय? जे बनेल ते विकलं जात होतं.

म्हणून एकच इंजिन दशकानुदशकं चाललं. ५७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ५७ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), १४५.४५ सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर. बजाजची टू-स्ट्रोक ऑटोरिक्षाही याच मापाच्या इंजिनाची, आणि सुट्या भागांच्या धंद्याला खरा आधार तिनं दिला. स्कूटर पावसात झाकून ठेवली जाते, रिक्षा रोज धावते आणि रोज झिजते. तिच्यासाठी शहरोशहरी सिलिंडर आतून घासून बोअर करणारी, क्रँक (पिस्टनच्या धावेनं फिरणारा दांडा) दाबून बसवणारी, रिंगा विकणारी दुकानं उभी राहिली आणि स्कूटरवाल्यांची सोय आयतीच झाली. एक सावधगिरी मात्र हवी. रिक्षाचा प्रत्येक भाग स्कूटरला बसत नाही. भाग घेताना जुना तुकडा सोबत न्यावा.

या इंजिनातली ओळखून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे रोटरी व्हॉल्व्ह. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरच्या पोर्टमधून (भोकातून) आत जाई आणि पिस्टन ती वाट उघड-बंद करी. इथे हे मिश्रण तयार करणारा कार्बोरेटर थेट क्रँककेसवर (क्रँकच्या कवचावर) बसतो आणि क्रँकचा एक गुळगुळीत गाल फिरता फिरता ती वाट उघडतो नि झाकतो. मिश्रण आधी क्रँकच्या बेअरिंगांवरून जातं, त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल कमी लागतं. जुन्या वेस्पांना ५ टक्के तेल सांगितलेलं असे, या इंजिनाला २ टक्के पुरतं. म्हणजे लिटरला २० मिली टू-टी तेल, पाच लिटरला १०० मिली. ‘थोडं जास्त घातलं तर बरं’ हा समज सायलेन्सर तुंबवतो, प्लगवर काजळी धरतो आणि मिश्रण पातळ करतो. तेलानं पेट्रोलची जागा घेतली की इंजिन उलट गरम चालतं. लँब्रेटाचं इंजिन पोर्टवालं, तिला ४ टक्क्यांच्या आसपास तेल द्यावं. दोन्ही गाड्या एकाच कॅनमधून भरू नयेत.

क्रँकचा गाल आणि क्रँककेसची बैठक यांच्यातली फट अगदी बारीक असते. एअर फिल्टर काढून गाडी चालवली आणि खडा किंवा तुटलेला स्क्रू आत गेला, तर बैठकीवर खोल ओरखडा पडतो. मग मिश्रण उलटं फिरून कार्बोरेटरमधून तुषारासारखं बाहेर येतं, गाडी किकला दाद देत नाही आणि कमी आरपीएमवर (इंजिनाच्या फेऱ्यांवर) खोकत राहते. बोअर करून, नवा पिस्टन घालून हा दोष जात नाही. जुनी चेतक घेताना सिलिंडरपेक्षा ही बैठक आधी बघावी. कार्बोरेटर आणि त्याची पेटी उतरवली की टॉर्चच्या उजेडात ती दिसते. उभा ओरखडा नखाला लागत असेल तर किंमत तशी बोलावी.

दुसरं दुखणं ऑइल सीलचं. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील दोन वेगळी लक्षणं दाखवतात. क्लचकडचा सील गेला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. पांढरा धूर सुटतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. गिअरबॉक्समध्ये २५० मिली एसएई ३० तेल असायला हवं. तळाचा बोल्ट काढून मोजलं की खरं-खोटं कळतं. मॅग्नेटकडचा (वीज तयार करणाऱ्या चाकाकडचा) सील गेला की इंजिन ‘हवा धरतं’: अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, प्लग पांढराफटक पडतो. त्याकडे दुर्लक्ष करून लांब पल्ल्याला निघालं की पिस्टन जाम होतो. बरेच मेकॅनिक अशा वेळी कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसतात. तो इलाज नव्हे.

किक मारण्याआधी स्कूटर एका बाजूला कलती करण्याची ती प्रसिद्ध रीतही कार्बोरेटरच्या मांडणीतून आली. कलती केली की कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोलच्या कप्प्यातलं) पेट्रोल थोडं वर सांडतं आणि गार इंजिनाला मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिळतं. हेच काम करणाऱ्या चोकची केबल नीट असेल तर याची गरज पडत नाही. आणि ठिणगीच कमजोर असेल तर याने फक्त प्लग ओला होतो.

ठिणगीचं काम प्लॅटिनम पॉइंट (विजेची उघडझाप करणारी टोकं), कंडेन्सर आणि सहा व्होल्टच्या मॅग्नेटवर चालतं. पॉइंटची फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर, प्लगची ०.६. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. बॅटरीविना चालणाऱ्या मॉडेलांत दिवे थेट मॅग्नेटवर जळतात, म्हणून गाडी उभी असताना मंद आणि पळताना लख्ख. त्यात एक बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज उरलेल्यांवर येते आणि तेही पाठोपाठ उडतात. बल्ब नेहमी मूळ वॅटचेच घालावेत. पुढच्या वर्षांत १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. रोज चालवायची असेल तर ते सोयीचं, जुन्या रूपाचा हट्ट असेल तर पॉइंटच ठेवावेत.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप मऊ करतं आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड धरते. उभी ठेवण्याआधी पेट्रोलचा नॉब बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

पत्र्याबद्दल एक कटू गोष्ट. परदेशी शौकिनांना भारतातल्या जुन्या स्कूटरी स्वस्त वाटू लागल्या, तेव्हा इथून चकचकीत रंगवलेल्या कितीतरी गाड्या बाहेर गेल्या. रंगाखाली सडका फ्लोअर, त्यावर पुटीचा जाड थर आणि दोन गाड्यांचे तुकडे जोडून बनवलेली चेसिस, असा माल युरोपात बदनाम झाला. तसाच माल इथेही विकला जातो. साधं लोहचुंबक घेऊन फ्लोअरच्या कडा, ब्रेक पेडलच्या खालची जागा आणि स्टेपनीमागचा पत्रा तपासावा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुटी आहे. चाकाबाबत एक धोक्याची सूचना: रिम दोन तुकड्यांची असते. हवा भरलेली असताना ते तुकडे जोडणारे नट कधीही सोडू नयेत, रिम उसळून जीवघेणी इजा होऊ शकते.

पुढे १९९० च्या दशकात मोटरसायकली पुढे गेल्या, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००५-०६ मध्ये जुनी चेतक थांबली. शेवटच्या काही वर्षांत चेतकच्या नावानं फोर-स्ट्रोक गाडीही निघाली होती. वर सांगितलेलं बहुतेक काही तिला लागू पडत नाही, म्हणून नावावर न जाता इंजिन पाहून सौदा करावा.

कागदपत्रांत चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवणं पहिलं. इंजिन बदललेल्या गाड्या फार आहेत आणि बऱ्याचदा त्याची नोंद झालेली नसते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. पीयूसीला मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. प्लग, फिल्टर आणि तेलाचं प्रमाण नीट असेल तर चेतक त्यात सहज बसते. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आहे: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. सत्तरच्या दशकारंभीच्या चेतक आता या वयात बसतात. पण अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. गाडी चालवायची असेल तर जुनाच नंबर ठेवून दर पाच वर्षांनी आरटीओची फेरी मारलेली परवडते.