कुणाचा मारवा, कुणाची पाचवी?

'मारवा राग ऐकतोय' असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुणाचा? अमीर खाँसाहेबांचा, असं उत्तर आलं तरी चौकशी संपत नाही. कुठला? एलपीवरचा, म्हणजे लाँग-प्ले तबकडीवरचा, की मैफलीतला? साथीला कोण? पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांचंही असंच आहे. बीथोवनची पाचवी सिंफनी, एवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही. ऑर्केस्ट्रा कोणता, संचालक कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या साली झालं, हे सगळं सांगावं लागतं. चित्रपटातलं गाणं नुसत्या मुखड्यानं ओळखता येतं, कारण बहुधा त्याचं एकच मूळ मुद्रण सगळ्यांच्या कानात असतं. शास्त्रीय संगीतात रागाचं किंवा रचनेचं नाव हा फक्त पत्त्यातला गाव असतो. घर शोधायला आणखी चार खुणा लागतात. या खुणा सांगण्याची सवय ध्वनिमुद्रणासोबतच जन्मली आणि माध्यम बदललं तशी तीही बदलत गेली.

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्रं घेऊन जगभर फिरत होता. एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात त्यानं ऑपेरा गायक एन्रिको कारुसोचा आवाज मेणात उतरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो कलकत्त्यात होता आणि त्याच्या भोंग्यासमोर गायिका गौहर जान गात होत्या. मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून पूर्ण ताकदीनं गायचं, आणि जेमतेम तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना सगळं आटपायचं. गाणं संपता संपता गौहर जान चढ्या आवाजात इंग्रजीत सांगतात, 'माय नेम इज गौहर जान!' तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना राग. कोणती तबकडी कुणाची हे त्यांना समजावं म्हणून ही घोषणा असे, असं सांगतात. कारण व्यवहारातलं असेल, पण आज ती घोषणा ऐकताना अंगावर काटा येतो. गाणारीनं स्वतःचं नाव गाण्यातच कोरून ठेवलं. कागदी लेबल निघून गेलं, पाकीट हरवलं, तरी ते नाव पुसलं जाणार नाही.

बाकीच्यांचं नाव मात्र लेबलवर अवलंबून होतं, आणि लेबल फार कंजूष होतं. गायकाचं नाव, चिजेचा मुखडा, कधी राग, कधी नुसतं 'ठुमरी' किंवा 'खयाल'. काही नावांपुढे 'अमॅच्योर' असा शब्द छापलेला दिसतो. पेशानं गाणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, हे समाजाला कळावं म्हणून. तारीख नसायची. तबला कुणाचा, सारंगी कुणाची, याचा बहुतेक वेळा पत्ताच नाही. आजही एखादी जुनी लाखेची तबकडी दिव्याखाली तिरकी धरली, की लेबलाच्या कडेला गुळगुळीत पट्टीत कोरलेला बारीक आकडा चमकतो. हा मॅट्रिक्स क्रमांक. असे शेकडो आकडे ओळीनं लावून संग्राहकांनी मुद्रणाचं साल, कधी महिनासुद्धा शोधून काढला आहे. 'हे १९३०च्या दशकातलं मुद्रण' असं आपण सहज बोलून जातो, त्यामागे भिंगातून आकडे वाचत बसलेल्या कुणाचे तरी डोळे शिणलेले असतात.

आणि काही नावांपुढे आकडाही नाही. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचं गाणं कुठल्याही तबकडीवर उतरलं नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांचीही रेकॉर्ड निघाली नाही. त्यांची गायकी ऐकायची तर त्यांच्या परंपरेतल्या केसरबाई केरकरांकडे, मोगूबाई कुर्डीकरांकडे, मल्लिकार्जुन मन्सूरांकडे जावं लागतं. म्हणून जयपूर घराण्याचा माणूस 'अमुक ऐकतोय' म्हणताना गुरूचं नावही सहजच घेतो. तिथे मुद्रणाची उणीव परंपरेनं भरून काढलेली असते.

युरोपात अडचण वेगळी होती. तिथे रचना लिहिलेली आणि लांब. १९१३ साली संचालक आर्थर निकिशनं बर्लिन फिलहार्मोनिकसोबत बीथोवनची पाचवी संपूर्ण मुद्रित केली, ती आठ बाजूंवर पसरली. दर चार मिनिटांनी सुई उचलायची, तबकडी बदलायची, पुन्हा चावी द्यायची. एवढे कष्ट घेऊन ऐकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटणारच. १९२३ साली कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी 'द ग्रामोफोन' हे मासिक काढलं, ते अशाच लोकांसाठी. त्यात परीक्षणं होती, वाचकांची पत्रं होती, गावोगावच्या ग्रामोफोन मंडळांच्या बातम्या होत्या. ही मंडळं म्हणजे एकत्र जमून तबकड्या ऐकणाऱ्यांचा गोतावळा. कुणी तरी आपल्या संग्रहातून निवडून आणायचं, वाजवण्याआधी दोन शब्द सांगायचे, मग सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. 'सध्या मी हे ऐकतोय' याचं सार्वजनिक रूप मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतं. मॅकेन्झींचे मेव्हणे क्रिस्टोफर स्टोन त्या मासिकाचे सहसंपादक होते. १९२७ पासून ते बीबीसीवर तबकड्या वाजवू लागले, घरगुती बोलीत, मित्राला ऐकवावं तसं. ब्रिटनमधले पहिले डिस्क जॉकी म्हणून त्यांचंच नाव घेतात.

याच ऐकणाऱ्यांच्या जोरावर पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. १९३१ साली वॉल्टर लेग या तरुणानं एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत कल्पना मांडली, की संगीतकार ह्यूगो वोल्फची गाणी काढू, पण आधी ५०० वर्गणीदार मिळू देत. वर्गणीदार मिळाले आणि संच निघाला. त्याच धर्तीवर १९३२ ते १९३५ या काळात पियानोवादक आर्थर श्नाबेल यांनी बीथोवनचे सगळे ३२ पियानो सोनाटा वाजवून दिले. श्नाबेलना मुद्रण मनापासून नकोसं होतं. दर वेळी नव्यानं जन्मणारी गोष्ट एकदाच गोठवून ठेवायची, हे त्यांना पटत नव्हतं. त्या मुद्रणात सूर निसटलेल्या जागा आहेत आणि तरीही ती लोकांनी जिवापाड जपली. आपल्याकडेही मैफलीचे गवई तबकडीला असेच बिचकत. केसरबाईंनी तर मोजक्याच रेकॉर्ड दिल्या.

एका प्रसंगी मात्र त्यांची एक रेकॉर्ड फार लांब गेली. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तिच्यावर 'जात कहाँ हो' ही केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती. त्याच तबकडीवर बीथोवनची पाचवीही आहे, आणि यादीत ती कशी नोंदली आहे पाहा: पहिला भाग, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, संचालक ऑटो क्लेम्पेरर. बाखच्या रचनांपुढे कुठे पियानोवादक ग्लेन गूल्ड, कुठे संचालक कार्ल रिश्टर. केसरबाईंच्या ओळीत त्यांचं एकटीचं नाव आहे, साथीदारांचं नाही. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

साथीदारांना नाव मिळालं ते एलपीमुळे. १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. खयालाला श्वास मिळाला. अमीर खाँसाहेबांच्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. तीन मिनिटांच्या तबकडीत त्यांचा अतिविलंबित, म्हणजे अतिसंथ लयीतला खयाल सुरूही झाला नसता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एलपीला पाठ होती. बारा इंची चौकोनी कव्हराच्या मागच्या बाजूला लिहायला ऐसपैस जागा होती. तिथे रागाचा परिचय आला, ताल आला, तबलजीचं नाव आलं. रेकॉर्ड वाजत असताना कव्हर मांडीवर घेऊन वाचत बसणं हा ऐकण्याचाच भाग झाला. १९५५ साली सरोदवादक अली अकबर खाँ यांची एलपी अमेरिकेत निघाली, तेव्हा सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन स्वतः बोलून राग म्हणजे काय, वाद्यं कोणती हे समजावतात. एका कलावंतानं दुसऱ्याबद्दल 'हे ऐका' म्हणून केलेली शिफारस तबकडीतच मुद्रित झाली आहे.

एलपीनं तिकडे तुलनेचाही नाद लावला. एकाच सिंफनीची दहा-वीस मुद्रणं बाजारात आल्यावर कुठलं घ्यावं हा प्रश्न उभा राहिला, आणि १९५७ पासून बीबीसीवर एकेका रचनेची उपलब्ध मुद्रणं शेजारी शेजारी ऐकवून निवड करणारा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे बाजारातल्या मुद्रणांची तेवढी गर्दी नव्हती, पण कॅसेट होती. फिलिप्सनं १९६३ साली आणलेल्या या डबीनं खासगी मैफली घराघरांत नेल्या. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक प्रत. डबीतल्या कागदी इनलेवर बॉलपेननं लिहिलेलं असायचं: 'बुवा – बिहाग – बाजू ब अपूर्ण'. कोणते बुवा ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं लिहिलं नाही. चौथ्या प्रतीपर्यंत बिहागाचा मारुबिहाग झालेला असे. मिळालं अमाप, पण नावनिशी गेली. अशा कॅसेटी आज डिजिटल झाल्या आहेत आणि चुका जशाच्या तशा सोबत आल्या आहेत.

सीडी १९८२ साली आली. तिच्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते: बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं साठवलेलीच नसत, फक्त आवाज आणि ट्रॅकची लांबी. संगणकात टाकल्यावर जी नावं दिसत ती बाहेरच्या माहितीकोशातून येत. ट्रॅकच्या लांब्या जुळवून सीडी ओळखली जाई, आणि त्या कोशातल्या कित्येक नोंदी ऐकणाऱ्यांनीच हातानं भरलेल्या होत्या. एमपी३ फाइलींसाठी १९९६ साली जी आयडी३ नावाची माहितीची पट्टी निघाली, तिच्यात शीर्षकाला ३० अक्षरं होती, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. सिंफनीचा क्रमांक, स्वर, ओपस (रचनेचा क्रमांक) आणि भाग लिहायला गेलं की शीर्षक मधेच तुटायचं. कलाकाराच्या रकान्यात बाख लिहायचा की वाजवणारा? ज्याला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. तबलजीसाठी रकानाच नव्हता.

तरीही सीडींची नावं पुरवणाऱ्या त्या बाहेरच्या माहितीकोशानं एक मोठी फसवणूक उघडी पाडली. जॉइस हॅटो या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावावर शंभराहून अधिक सीडी निघाल्या होत्या, आणि समीक्षक त्यांची वाखाणणी करत होते. २००७ साली एका श्रोत्यानं तिची, संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या एट्यूड या पियानो-रचनांची सीडी संगणकात टाकली, तर पडद्यावर नाव आलं दुसऱ्याच पियानोवादकाचं, लास्लो सिमोन. तपासल्यावर ते वादन खरोखरच सिमोनचं निघालं. मग एकेक करत इतर सीडींवरही दुसऱ्यांचे हात सापडले. हॅटो त्याआधीच वारली होती. सीडी काढणाऱ्या तिच्या नवऱ्यानं पुढे कबुली दिली. अप्रतिम वाजवणारे लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाखाली ऐकले जात होते. मला यात फसवणुकीपेक्षाही हे जास्त लागतं.

स्ट्रीमिंगच्या सुरुवातीला पॉप गाण्यांसाठी आखलेला साचाच सगळ्यांना लावला गेला. पुढे शास्त्रीय संगीतासाठी वेगळ्या सेवा निघाल्या. इडाजिओ २०१५ साली बर्लिनमध्ये, अॅपलची २०२३ साली. रचना, संचालक, वाद्यवृंद, साल असा शोध आता घेता येतो. रागसंगीताची नोंद मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी अर्धीमुर्धी दिसते. राग शीर्षकात, गायक कलाकाराच्या रकान्यात, साल कधी मूळ मुद्रणाचं तर कधी पुन्हा प्रसिद्ध केल्याचं, आणि तबला, सारंगी, पेटी, तानपुरा पुष्कळदा गायब. म्हणून 'आत्ता हे ऐकतोय' असं कुणाला कळवताना फोनवरच्या चित्राचा नुसता फोटो पुरत नाही. जुन्या कव्हराची पाठ आठवून उरलेली नावं आपणच लिहावी लागतात.

आज सकाळपासून इथे चालू आहे: सिंधुभैरवी. सरोद अली अकबर खाँ. तबला चतुरलाल. तानपुरा शिरीष गोर. न्यूयॉर्क, १९५५.