जपानवरच्या पुस्तकांची यादी कशी घडली

जपान समजून घ्यायला काय वाचावं, असं कुणी विचारलं की ठरलेली नावं पुढे येतात: इनाझो नितोबेंचं ‘बुशिदो’ (म्हणजे सामुराई योद्ध्यांची नीती), ओकाकुरांचं ‘द बुक ऑफ टी’, रूथ बेनेडिक्टचं ‘द क्रिसँथेमम अँड द स्वोर्ड’. तिन्ही मुळात इंग्रजीत, पाश्चात्त्य वाचकासाठी लिहिलेली. प्रत्येकामागे कुणाचा तरी प्रश्न आहे आणि तो माहीत नसला तर पुस्तक चुकीचं वाचलं जातं.

तोकुगावा घराण्याच्या, म्हणजे लष्करी शोगुनांच्या राजवटीत, १६३९ नंतर, युरोपियनांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा होती. त्यांनाही नागासाकीजवळच्या देजिमा या इवल्याशा बेटावरच राहावं लागे. तिथं १६९० मध्ये आलेल्या केंफर या जर्मन डॉक्टरने दोन वर्षांत टिपून नेलेली माहिती त्याच्या मृत्यूनंतर, १७२७ मध्ये लंडनला छापली गेली. पुढे कित्येक वर्षं युरोपचं जपानविषयीचं ज्ञान बरंचसं त्यावरच चाललं.

१८६८ च्या मेजी क्रांतीनंतर, म्हणजे शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाची आल्यावर, जपानी माणसं स्वतःच बोलू लागली. नितोबे मोरिओकाच्या सामुराई घराण्यातले, शिक्षणाने शेतीतज्ज्ञ, धर्माने क्वेकर ख्रिस्ती. एका बेल्जियन प्राध्यापकाने त्यांना विचारलं होतं: तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग नीती शिकवता कशी? तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे आजारपणात अमेरिकेत विश्रांती घेत असताना त्यांनी ते लिहिलं, तेच १९०० च्या सुमाराचं ‘बुशिदो’. तोवर सामुराईंची तलवार बाळगायलाच बंदी येऊन वीसेक वर्षं झाली होती. म्हणून हा सामुराईंचा इतिहास नव्हे. युरोपीय दाखल्यांची त्यातली रेलचेल पाहिली तरी हे कुणाला पटवायचं चाललंय ते कळतं. रशियाशी युद्ध पेटलं आणि पुस्तकाला मागणी वाढली. खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षाने, थिओडोर रूझवेल्टने, प्रती घेऊन मित्रांना वाटल्या.

ओकाकुरा हे कलेचे अभ्यासक. त्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९०२ मध्ये ते भारतात होते, विवेकानंदांना आणि टागोर कुटुंबाला भेटले. १९०३ च्या त्यांच्या ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ला भगिनी निवेदितांची प्रस्तावना आहे. चहावरचं पुस्तक नंतरचं, १९०६ चं, अमेरिकेतल्या मुक्कामातलं.

बेनेडिक्ट ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. तिचं पुस्तक तर सरळ अमेरिकेच्या युद्ध माहिती कार्यालयाच्या गरजेतून आलं. जून १९४४ मध्ये तिला काम मिळालं: शत्रू कसा वागेल ते सांगा. जपानला जाणं शक्य नव्हतं, आणि ती पुढेही कधी गेली नाही. अमेरिकेतले जपानी वंशाचे लोक, जपानी सिनेमे, कादंबऱ्या, एवढ्यावर तिने भागवलं. १९४६ मध्ये पुस्तक निघालं, दोन वर्षांत जपानीत आलं आणि जपान्यांनीच ते हातोहात घेतलं. तिची मांडणी अतिसुबक आहे, सगळा देश एकाच साच्यातला वाटतो. तरीही निरीक्षण म्हणून ते टाकाऊ नाही.

या तिन्हींच्या आधी मी अमेरिकन इतिहासकार जॉन डावर यांचं ‘एम्ब्रेसिंग डिफीट’ (१९९९) हाती देईन. पराभवानंतरचा जपान त्यात काळा बाजार, पत्रं, व्यंगचित्रं यांतून दिसतो. आणि मराठीत हवं असेल तर चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी अनुवादित केलेलं ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागींनी आपल्या लहानपणच्या शाळेविषयी १९८१ मध्ये ते जपानी वाचकांसाठीच लिहिलं. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, हेडमास्तर कोबायाशी आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेली ती शाळा. परक्याला जपान समजावून सांगण्याचा खटाटोप त्यात कुठेच नाही.